माशांच्या पेटीचं विरजण

मु. पो. पिंपळवंडी,
पितृपंधरवडा सरत आला, घट बसायच्या आधीची धांदल

श्रीमती सरूबाई, मंचर मुक्कामी, यांस तुमच्या विहिणीचा, म्हणजे रत्नाचा, कंबर जेवढी वाकू देईल तेवढा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावता, की बाटली अजून कपाटावरच उभी आहे? (आरती म्हणाली, उभी आहे. तुमच्या मुलीकडून मला सगळं कळतं, सून म्हणून तिचा तो एक मोठाच उपयोग आहे.) व्याही माघात गेले तेव्हापासून तुम्ही जेवणाची आबाळ करता, हेही तिच्याकडूनच कळलं. एका माणसासाठी कुठं तवा ठेवायचा म्हणून चहात टोस्ट बुडवून रात्र काढता म्हणे. हे मला अजिबात आवडलेलं नाही. पण सुरुवातीलाच रागवायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून पुढं जाते. आमच्याकडं सगळं बरं आहे. ह्यांचं बीपी गोळीच्या धाकात आहे, गवारीवर माव्याची कीड पडलीय, आणि ओढ्याकडेच्या उसात बिबट्या दिसला म्हणतात. (ज्यानं पाहिला तो माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्यानं पाहिला त्याला भेटलेली माणसं मात्र रोज भेटतात.)

आता एक विनंती. यंदा तुमच्याकडं सण नाही, पण म्हणून तुम्ही घर धुवायच्या राहाल असं मला वाटत नाही. तुम्ही सण नसतानाही भिंती पुसणाऱ्या बाई आहात. तर हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो घरातली एकही वस्तू धुवायला घेऊ नका. पदर खोचला असेल तर सोडा आणि चष्मा लावून निवांत बसा. फोन का केला नाही असं वाटेल, तर त्याचं कारण असं की मी फोनवर बोलायला लागले की आमचे हे शेजारी बसून दुरुस्त्या सुचवतात, आणि तुम्ही तो फोन स्पीकरवर टाकून हातभर लांब धरता, त्यामुळं मी इथं खोकले तरी तुमच्या अख्ख्या आळीला कळतं. हे प्रकरण आळीला कळण्यासारखं नाही.

तर झालं असं. मे महिन्याची सुट्टी समृद्धीनं सगळी तुमच्याकडं काढली. काढावीच, आजोळ आहे तिचं, आणि पोरीमुळं तुमचं घर त्या दिवसांत बोलतं राहिलं, याचा मला आनंदच आहे. (थोडं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला आजी झाल्यावर कळलं.) आमच्याकडं ती जाता जाता एका दिवसासाठी आली. ह्यांनी तिला कालवड दाखवली, चिंचेला बांधलेला झोका दाखवला, मोटार चालू करून पाटाला पाणी सोडून दाखवलं. तिनं सगळं शहाण्या पोरीसारखं पाहिलं आणि मग मला म्हणाली, "आजी, तुझ्याकडं मासे नाहीत ना, मग मी इथं करू काय?" व्याह्यांनी हौसेनं ठेवलेली ती काचेची पेटी, त्यातले ते शेपटीचा पदर हलवत फिरणारे मासे, त्यांना सकाळ-संध्याकाळ खायला घालायचं काम आजोबांनी जायच्या आधी आपल्याकडं दिलंय, ते तिनं मला रीतसर सांगितलं. आणि जाताना मोटारसायकलवर बापाच्या पुढं बसून जाहीर केलं की दिवाळीत जिथं मासे असतील तिथं मी राहीन. हे ते ऐकून पाटाचं पाणी बंद करायला गेले. नातीनं दिवाळीत आपल्या अंगणात फिरावं, एवढं एकच आम्हा दोघांना हवं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात माशांचा विषय शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही.

श्रावणात हे नारायणगावला औषध आणायला म्हणून गेले आणि काचेची पेटी घेऊन आले. तुमच्या पेटीपेक्षा चार बोटं मोठी. (मी मोजायला सांगितलेली नव्हती. पण हे मागं तुमच्याकडं आले होते तेव्हा ह्यांनी ती वितीनं मोजून ठेवली होती, असं आता बाहेर आलं.) बरोबर पिशवीत मासेही. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं की आधी पेटी चालू करा, मासे महिना-दीड महिन्यानं न्या. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुकानदाराच्या सांगण्यावर औषधाचा एक थेंब कमी-जास्त केला नाही, त्या माणसाला नेमकं याच बाबतीत वाटलं की तो आपल्याला पुन्हा हेलपाटा घालायला लावतोय. संध्याकाळी मासे पाण्यात सोडले, घरात जणू बारसं होतं. पुढच्या काही दिवसांत ते एकेक करून गेले. शेवटचा गेला तेव्हा हे जेवले नाहीत. मी माशांना परसात चाफ्याखाली पुरलं आणि समृद्धीला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

मग सुदर्शननं फोनवरून बापाची शाळा घेतली. ती मी दारामागून ऐकली, ती अशी. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचं विष होतं. नदीत, धरणात काही होत नाही, कारण तिथं डोळ्यांना न दिसणारे बॅक्टेरिया असतात, ते हे विष खातात. एक जात त्या विषाचं दुसरं विष करते, दुसरी जात त्या दुसऱ्या विषाचं खत करते, आणि मग मासा सुखानं राहतो. नव्या पेटीत हे बॅक्टेरिया नसतात. ते फिल्टरच्या स्पंजात, तळाच्या खड्यांत हळूहळू वस्ती करतात, तोवर मासे आणायचे नाहीत, आणि तो स्पंज, ते खडे स्वच्छ करायचे तर मुळीच नाहीत. ह्यांना कच्च्या शेणखतानं पीक जळतं ते माहीत, त्यामुळं पहिला भाग लगेच पटला. शेवटी खतच होतं म्हटल्यावर तर त्यांचे डोळे चमकले, आणि काम लवकर उरकावं म्हणून मूठभर युरिया टाकू का, असं त्यांनी विचारलं. त्यावर सुदर्शन इतक्या मोठ्यानं "नको" म्हणाला की फोनशिवायही ऐकू आलं असतं.

मी मध्ये पडले. म्हटलं, एवढं काय अवघड आहे, हे विरजण आहे. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, आणि लागलं की भांडं हलवायचं नाही, सारखं झाकण काढून बघायचं नाही. सुदर्शन म्हणाला, आई, अगदी बरोबर. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर घरात ताठ चालत होते. (पुढं याच विरजणानं आमचा घात केला.)

तेव्हापासून आमच्या ओसरीवर रिकाम्या पाण्याची पूजा सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या पाण्याला औषधाचा वास, त्यानं बॅक्टेरिया मरतात, म्हणून पाणी ड्रममध्ये उघडं ठेवून मग ओतायचं. आत फिल्टर बुडबुड करतोय, दिवा लागलाय, आणि मासा एकही नाही. हे रोज सकाळी आंघोळ करून त्यात माशांच्या खाण्याची चिमूट टाकायचे, म्हणजे ती कुजेल, विष होईल आणि बॅक्टेरियांना चरायला मिळेल. येणारा-जाणारा थांबायचा. "नाना, मासं कुठं हायेत?" "यायचेत." "मग खायला कुनाला घालताय?" "जे दिसत न्हाईत त्यांना." पितृपंधरवडा चालू असल्यामुळं ऐकणारे हात जोडून पुढं जायचे. एक म्हातारी तर काकबळीचा घास पेटीजवळ ठेवून गेली.

शिवाय पाणी तपासायच्या पट्ट्या होत्या. पट्टी बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा. हे एक नवंच भांडण. ह्यांना जांभळा दिसायचा, मला वांगी. ह्यांचं म्हणणं वांगी आणि जांभळा एकच. मी आयुष्यात ज्या माणसाबरोबर साडी घ्यायला गेले तो माणूस असं म्हणणारच. शेवटी पट्टी बघायचं खातं माझ्याकडं आलं. आणि विहीणबाई, तुम्हाला सांगते, भाद्रपद अर्धा सरून वर चार दिवस झाले तेव्हा एका सकाळी पट्टीवर दोन्ही विषांचा रंग नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सुदर्शनला फोटो पाठवला. तो म्हणाला, जमलं, रविवारी मासे आणा. ह्यांनी पेटीवर हात ठेवला, जसा समृद्धीच्या डोक्यावर ठेवतात तसा. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

आणि शुक्रवारी द्रौपदाआक्का आल्या. ह्यांची थोरली बहीण, तुम्ही लग्नात पाहिलंय त्यांना, जेवणाच्या पंगतीत पत्रावळी पुन्हा पुसायला लावणाऱ्या त्या. दरवर्षी घटाच्या आधी त्या भावाचं घर धुवायला हक्कानं येतात. मी गोधड्यांची गाठोडी बांधून बाजारात गेले, हे शेतावर गेले. आक्कांनी गावातल्या दोन बायका बरोबर घेतल्या आणि गोधड्या, सतरंज्या, पडदे, गाद्यांचे अभ्रे असं सगळं घेऊन कॅनॉल गाठला. आम्ही दोघं परत आलो तेव्हा घराला साबणाचा वास येत होता, गच्चीवर गोधड्या वाळत होत्या, आणि गोधड्यांच्या मधोमध, जुन्या लुगड्यावर पसरलेले, पेटीतले खडे कडकडीत उन्हात चमकत होते. शेजारी दोरीवर चिमट्याला फिल्टरचा स्पंज. एकदम नवा, पिवळाधमक. आक्का घाम पुसत भावाला म्हणाल्या, "आरं बाजीराव, त्या पेटीतला बोळा किती घान झाला व्हता. निस्ता राडा. तीनदा साबणात घोळला, तवा कुठं पानी निवळ आलं. तुमाला कुनाला दिसत न्हाई का रं?"

हा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. ताटात मीठ कमी पडलं तर आवाज येडगावच्या धरणापर्यंत जातो. तो दोरीखाली उभा राहिला, स्पंजाकडं पाहिलं, बहिणीच्या लाल झालेल्या हातांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "लई बरं केलंस, आक्का." मग हे गोठ्यात गेले आणि बराच वेळ कालवडीशी बोलत बसले. आक्कांना अजूनही काही माहीत नाही. त्या परवा साडी-चोळी घेऊन, समाधानानं आपल्या घरी गेल्या. माहेरच्या ओढीनं हात सोलवटून घेणाऱ्या बाईला काय बोलायचं, विहीणबाई, मलाही बोलवेना.

आता पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची तर दिवाळी जाते. सुदर्शन म्हणाला, एक उपाय आहे. ज्याच्याकडं जुनी, मुरलेली पेटी असेल त्याच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आणा, आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, वस्ती लवकर होईल. गावात सारजाबाईंच्या मुलाकडं पेटी आहे. हे लगेच निघाले, त्यात संध्याकाळ झालेली. साधं "स्पंज द्या" म्हणाले असते तर मिळाला असता. पण ह्यांनी ओट्यावर बसून सगळं पहिल्यापासून समजावलं आणि माझ्या अकलेचा मान राखत सांगितलं की हे आमच्या पेटीला विरजण हवंय. सारजाबाईंनी तुळशीपुढच्या पणतीकडं बोट दाखवलं. "दिवं लागल्यात. आता इरजान घरातून जायाचं न्हाई. सकाळी या." रिवाजच आहे, मीही तिन्हीसांजेनंतर कुणाला विरजण देत नाही, त्यामुळं मला त्यांना दोष देता येईना.

सकाळी हे डबा घेऊन गेले तर सारजाबाई दारातच हसत उभ्या. रात्री त्यांना झोप लागली नव्हती. आपल्या घरातली घाण न्यायला लोक डबे घेऊन यायला लागले, ही गोष्ट त्या बाईच्या जिवाला लागली होती. पहाटे मुलाला उठवून त्यांनी अख्खी पेटी रिकामी केली, स्पंज चिंचेच्या पाण्यात उकळला, काचा रांगोळीनं घासल्या. मासे बिचारे नव्या पाण्यात एका कोपऱ्यात गांगरून उभे. "बगा पावनं," त्या म्हणाल्या, "हाय का कुठं घान?" नाही, असं म्हणून ह्यांनी चहा घेतला, आणि त्यांच्या मुलाला हळूच सांगितलं की या माशांना आता काही दिवस खाणं कमी घाल, पाणी थोडंथोडं बदल. रिकामा डबा घेऊन परत आले.

असं सगळं आहे. बाकी क्षेम. पत्राला तसं खास कारण काही नाही, बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नव्हतं म्हणून लिहिलं. व्याह्यांच्या फोटोला माझा नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते पत्र संपल्यावर ठरवा.

तुमची,
रत्ना

ता. क. खास कारण आहे. ते तुम्ही मघाशीच ओळखलं असेल आणि तरी मुद्दाम गप्प बसून वाचत असाल. मला तुमच्या पेटीतला फिल्टरचा स्पंज हवा आहे. जसा आहे तसा, चिखलानं माखलेला. मी वरमाय, मुलाची आई, आणि मी मुलीच्या आईकडं पदर पसरून घाण मागते आहे. हे वाक्य लिहायला मला सबंध पत्र लागलं. अर्धाच कापून द्या, अर्धा तुमच्या माशांसाठी राहू द्या. पिळू नका, नळाखाली धरू नका, त्याच पेटीतल्या पाण्यात बुडवून डब्यात घाला आणि सोपानभाऊंच्या टेम्पोत द्या. ते पहाटे मंचरच्या मार्केटला माल टाकतात आणि दुपारी परततात, हे पत्रही तेच आणतील. डबा पुढं, सावलीत ठेवायला सांगा. दिवे लागायच्या आत इथं पोचेल, म्हणजे रिवाजही मोडणार नाही.

ता. क. दुसरा. आरती म्हणाली, ती पेटी व्याही गेल्यापासून तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. मला ते कळतं. म्हणून मागायला आठ दिवस धीर झाला नाही. पण सुदर्शन म्हणतो, त्या स्पंजातली वस्ती व्याह्यांच्या हातची आहे, इतकी वर्षं तीच पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. तुमच्याकडं अर्धी राहील, आमच्याकडं अर्धी वाढेल. त्यांच्या हातचं विरजण नातीच्या दुसऱ्या घरीही लागलं तर त्यांना बरंच वाटेल, असं मला आपलं वाटतं. मन होत नसेल तर देऊ नका, मी मनात काही ठेवणार नाही.

ता. क. तिसरा, आणि टेम्पो दारात उभा आहे. वर सगळं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमची पेटी जमली तर समृद्धी दिवाळीत इथं येईल, आणि तुमच्याकडं कुणीच नसेल. म्हणजे तुमच्याच हातानं तुमची नात मी इकडं ओढून घेते आहे. हे मला सहन होत नाही. यंदा तुमच्याकडं दिवाळी नाही, तेव्हा फराळाचे डबे आम्हीच पोचते करायचे असा रिवाज आहे. मी एकही डबा पाठवणार नाही. तुम्ही इथं येऊन खायचं आणि भाऊबीज होईतो राहायचं. मुलीच्या सासरी रात्र काढत नाही हे तुमचं नेहमीचं पालुपद मला सांगू नका, आणि माशांचंही कारण नको, त्यांनाही घेऊन या, पेटी मोठी आहे. आरतीच्या लग्नात वरमाईनं एकदा तरी रुसायचं असतं, ते तुमच्या व्यवस्थेत खोट न सापडल्यामुळं माझं राहून गेलं. तुम्ही आला नाहीत तर ते रुसणं मी आता पुरं करीन. आणि वरमाय रुसली की तिची समजूत काढायला मुलीच्या आईला स्वतः दारात यावं लागतं, त्यातून तुमची सुटका नाही.